नोस्क्यांचं पाणी

त्या फेब्रुवारीत आमचं तळं आटलं. आधी कडेचा चिखल भेगाळला, मग आतला. शेवटी मधोमध हिरवट पाण्याचं एक डबकं उरलं आणि त्यात एक मेंढी रुतून मेली. तिला बाहेर काढायला मला आणि माझ्या भावाला, रायनहोल्डला, अर्धा दिवस लागला. हाताचा वास दोन दिवस गेला नाही.

तळं आटलंच आहे तर गाळ तरी उपसून घेऊ, असं त्याने ठरवलं. पाऊस आला तर चार हात खोली जास्त मिळेल. पावसाचं चिन्ह कुठेच नव्हतं. रोज सकाळी दहाच्या सुमाराला उत्तरेचा वारा सुटायचा, भट्टीचं दार उघडावं तसा, आणि वरच्या रानातली वाळू आणून आमच्या कुंपणावर ओतायचा. कुंपणाच्या खालच्या दोन तारा वाळूत गेल्या होत्या. मेंढ्या कुंपण चालत ओलांडायच्या.

गाळ काढायचं लोखंडी खोरं दोन घोड्यांनी ओढायचं. मागे दोन मुठी धरून रायनहोल्ड, पुढे घोड्यांच्या तोंडाशी मी. खोरं गाळात घुसलं की त्याला सगळं अंग मुठींवर टाकावं लागे, आणि काठावर नेऊन उलटं करताना तेच अंग उचलावं लागे. पंधरा-वीस खेपा झाल्या की तो खाली बसायचा. युद्धात, फ्रान्समध्ये, विषारी गॅस छातीत गेला होता. खोकला सुरू झाला की त्याचे खांदे वर यायचे, मान दिसेनाशी व्हायची, आणि मी दुसरीकडे बघत उभी राहायची, कारण त्याच्याकडे बघितलेलं त्याला चालायचं नाही.

घोडी म्हणजे लीझे आणि मोरिट्झ. दोन्ही आमच्या वडिलांनी, म्हणजे फाटरने, जुन्या गावी असताना शिकवलेली. चल, थांब, डावीकडे वळ, मागे हो, सगळं त्यांना आमच्या जर्मन भाषेत कळायचं. रायनहोल्ड त्यांना इंग्रजीत ओरडायचा. मोरिट्झ बिचारा गोंधळून जागच्या जागी पाय आपटायचा. लीझे कान मागे टाकून सरळ उभीच राहायची.

"चल म्हणतोय ना! बहिरी झालीस का?" तो मागून ओरडायचा.

मी लगाम धरल्यासारखं करून लीझेच्या कानाशी तोंड न्यायची आणि आमच्या भाषेत हळूच म्हणायची, "चल गं बाई." ती निघायची. रायनहोल्डला ते ऐकू जात असेलच. तो नुसता मुठींवर अंग टाकायचा.

दुपारी आई भाकरीचं गाठोडं आणि ताकाची बरणी घेऊन यायची. तिला आम्ही मूटर म्हणत असू. पासष्टीची बाई, पण उन्हातून ताठ चालत यायची, डोक्याचा काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधून. ती तळ्याच्या काठावर उभी राहून मला म्हणायची, "हुल्डा, त्याला म्हणावं, सावलीत बसून खा."

रायनहोल्ड तिच्यापासून तीन हातांवर उभा असायचा. तो मला इंग्रजीत म्हणायचा, "तिला सांग, इतक्यात भूक नाही."

"त्याला इतक्यात भूक नाही," मी मूटरला सांगायची.

"काल पण नव्हती म्हणावं."

"काल पण नव्हती म्हणतेय."

असं अकरा महिने चाललं होतं. मूटरला इंग्रजी येत नव्हतं. तिचा जन्म इंग्रजांच्या याच वसाहतीतला, पण आमच्या दरीतल्या गावात देऊळ, शाळा, दुकान, शेजार सगळं आपल्याच माणसांचं. इंग्रजीची तिला कधी गरजच पडली नाही. फाटर मात्र दोन वर्षांचा असताना जर्मनीतल्या सिलेशियातून बोटीने आलेला. इथला नागरिक झाल्याचा कागद त्याच्या बापाने कधी केला नाही आणि त्यानेही केला नाही. जर्मनीशी युद्ध लागलं तेव्हा शत्रूचा माणूस म्हणून साठीच्या त्या माणसाला दर शनिवारी पोलीस ठाण्यात जाऊन सही करावी लागायची. त्याच वेळी त्याचा मुलगा इंग्रजांच्या बाजूने लढायला गेला होता. पोलीस शिपाई म्हणायचा, "काय म्हातारबा, कुणाची बातमी हवीय, इकडच्यांची की तिकडच्यांची?" फाटर सही करून टोपी डोक्यावर ठेवायचा. घरी येऊन सांगायचासुद्धा नाही. आम्हाला दुसऱ्यांकडून कळायचं. रायनहोल्ड परत यायच्या आधीच्या हिवाळ्यात फाटर छातीच्या तापाने गेला.

रायनहोल्डने सैन्यात नाव लिहिलं होतं रेमंड नॉक्स. नोस्के हे खरं आडनाव सांगितलं असतं तर घेतलं असतं की नाही कुणास ठाऊक. आमच्यातले काही खऱ्या नावाने गेलेही होते. पण तो नॉक्स म्हणून गेला, नॉक्स म्हणून लढला आणि परत आला तोही नॉक्स. परतलेल्या शिपायांना सरकार या वाळूच्या मुलखात जमीन देत होतं. ती त्याने नॉक्सच्या नावाने घेतली. दरीतलं घर आवरून आम्ही इकडे आलो. इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मी हिल्डा नॉक्स झाले. माझी शाळा गावच्याच मास्तरकडे झालेली, पण इंग्रजी बरं होतं, खपून गेलं.

नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी मूटरने ताटं मांडली आणि हात जोडून जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. दोन शब्द झाले नसतील, रायनहोल्ड खुर्ची मागे ढकलून उठला.

"या घरात आजपासून ही भाषा नको," तो इंग्रजीत म्हणाला. "सांग तिला."

मी सांगितलं. मूटरचे हात जोडलेलेच राहिले.

"कुणी ऐकेल म्हणून का?" तिने विचारलं. "चार मैलांत माणूस नाही."

"मला ऐकायची नाही," तो म्हणाला. तिचा प्रश्न मी त्याला सांगायच्या आधीच.

मूटरने नंतर कधी मोठ्याने प्रार्थना म्हटली नाही. ओठ हलायचे. तिला वाटलं, मुलगा त्यांच्याकडचा झाला. बापाला जे सही करायला लावत होते त्यांच्याकडचा. तसं ती मला एकदा म्हणालीही. माझी समजूत काही फार वेगळी नव्हती.

*

तळं आटल्यावर पाणी आणायचं ते रेल्वेच्या सायडिंगवरून, म्हणजे डबे सोडून ठेवायच्या बाजूच्या रुळांवरून. सोमवारी आणि गुरुवारी आगगाडी पाण्याच्या दोन वाघिणी आणून सोडायची. ज्याच्याकडे सरकारी चिठ्ठी असेल त्याने आपली टाकी भरून घ्यायची. नऊ मैल जाताना रिकामी टाकी, नऊ मैल येताना भरलेली, आणि रस्ता म्हणजे नुसती वाळू. येताना चढ आला की आम्ही दोघं उतरून चाकांना खांदा लावायचो.

पाणी सोडायला पेंगेली नावाचा माणूस होता. पोट सुटलेलं, डोक्यावर रेल्वेची टोपी, हातात नळाची किल्ली. तशी त्याची वागणूक वाईट नव्हती. शिपाई म्हणून तो रायनहोल्डला कधी ताटकळत ठेवायचा नाही. "नॉक्सला पुढे येऊ द्या रे, त्याने तुमच्यासाठी फुफ्फुसं जाळली," असं म्हणून आमची गाडी दुसरी-तिसरी लावायचा. रांगेतले लोक बाजूला व्हायचे. त्यांच्यातला आल्फ ड्युरंट रायनहोल्डला आपल्या पिशवीतली तंबाखू द्यायचा. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये राहिला होता. भाऊ कुठे, कसा मेला हे त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून तो रायनहोल्डला तिकडचं काहीबाही विचारत बसायचा. मधूनच जर्मनांवर विनोद व्हायचे. रायनहोल्ड हसायचा नाही, पण तंबाखू घ्यायचा.

"तुझी आई कधी दिसत नाही," एकदा ड्युरंटने विचारलं.

"ठार बहिरी आहे," रायनहोल्ड म्हणाला. "कुठे जात नाही."

मी टाकीचं झाकण पुसत होते. पुसतच राहिले.

मार्चमधल्या एका सोमवारी रांगेत लांगेन आला. हा आमच्यापलीकडे पाच मैलांवर राहणारा म्हातारा. मागे एकदा चुकलेला घोडा शोधत आमच्या दाराशी आला होता आणि मूटर त्याच्याशी तासभर दारात उभी राहून बोलली होती. तो गेल्यावर दोन दिवस तिचा चेहरा वेगळा दिसत होता. लांगेनच्या गाडीवर एकच पिंप होतं. त्याने चिठ्ठी पेंगेलीला दिली.

"ऑगस्ट लांगेन कोण? तू?"

लांगेनने मान हलवली, नाही म्हणून. मग हो म्हणून.

"हो की नाही?"

लांगेन आमच्या भाषेत सांगू लागला. ऑगस्ट त्याचा मुलगा. मेंढ्यांची लोकर कापायच्या कामावर लांब गेलाय. महिन्याने येईल. बायको अंथरुणाला आहे, घरात भांडंभर पाणी नाही. तो हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगत होता, म्हणजे समोरच्याला कळेल.

"काय गुरगुरतोय हा?" ड्युरंट म्हणाला. दोघं-तिघं हसले.

लांगेनची नजर रांगेवरून फिरली आणि रायनहोल्डवर थांबली. त्याचा चेहरा उजळला. टोपी काढून तो आमच्या गाडीपाशी आला.

"नोस्के," तो हळूच म्हणाला, "एवढं सांग ना त्यांना. एकच वाक्य आहे."

पेंगेलीने विचारलं, "काय म्हणतोय रे, नॉक्स?"

रायनहोल्डने लगाम हाताला गुंडाळला.

"समजत नाही," तो म्हणाला.

लांगेनने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग त्याने गाडी वळवली. रिकामं पिंप गाडीवर घरंगळून एकदा या बाजूला आपटलं, एकदा त्या.

सांगायला मलाही तोंड होतं. मी सांगितलं नाही. हे मी लपवत नाही.

*

आम्ही घरी पोचलो तर मूटर फाटकापाशी उभी होती. लांगेन आमच्या आधी तिथून गेला होता. आमच्या दारावरून त्याचा रस्ता होता आणि त्याचा घोडा थांबला म्हणून तोही थांबला होता. मूटरने माठातलं पिण्याचं पाणी बादलीत ओतून त्याच्या पिंपात घातलं. सकाळपासूनचं आमचं तेवढंच होतं.

जेवायला बसलो तेव्हा उजेड होता अजून. पश्चिमेच्या खिडकीतून तांबडं ऊन टेबलावर आलं होतं, धुळीने घट्ट झालेलं. उकडलेले बटाटे, खारवलेली काकडी. मूटर बसली नाही.

"त्याला विचार," ती मला म्हणाली, "लांगेनने काय मागितलं होतं."

रायनहोल्ड बटाट्याचं साल काढत होता.

"त्याला विचार, तो शब्द तोंडातून काढल्याने त्याची जमीन जाणार होती का. त्याला विचार, त्याच्या बापाने शनिवारी शनिवारी..."

"पुरे," तो इंग्रजीत म्हणाला. सुरी खाली ठेवली. बराच वेळ छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. मग तो बोलायला लागला, इंग्रजीतच, मूटरकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, बटाट्याकडे बघून.

"आम्ही एक खंदक घेतला होता. शेवटच्या वर्षी. खंदकाच्या पोटात एक भुयार होतं, खाली उतरायला पायऱ्या. तोंडाशी आम्ही सहा जण. आत माणसं होती. सार्जंट वरून ओरडला, बाहेर या म्हणून. खालून उत्तर आलं. सार्जंटने विचारलं, कुणाला कळतंय का हे काय म्हणतायत? मग माझ्याकडेच बघून म्हणाला, नॉक्स, तुला?"

त्याने सुरी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"दोन वर्षं मी त्यांच्यात राहिलो होतो. कुणाला माहीत नव्हतं. झोपेतसुद्धा मी जपून असायचो. मी म्हणालो, समजत नाही."

"आणि तुला समजलं होतं," मी म्हणाले.

"अक्षरन्‌ अक्षर."

"मग?"

"सार्जंटने दोन हातबॉम्ब आत टाकले. थोड्या वेळाने आणखी एक." त्याने सालीचा तुकडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. "ती भाषा कानावर पडली की मला त्या पायऱ्या दिसतात. तिने प्रार्थना म्हटली तरी. घोड्याला हाक मारली तरी."

मूटर मला म्हणाली, "काय म्हणतोय तो?"

अकरा महिने मी दोघांच्या मध्ये होते. त्याचं टोचणारं असेल ते मी बोथट करून तिला सांगायची, तिचं असेल ते त्याला. त्याची सवयच जडली होती मला. त्याला बरं नाही म्हणतोय, चुकलं म्हणतोय, एवढं सांगितलं असतं तरी तिचं त्या दिवशी भागलं असतं. रायनहोल्डने वर बघितलं. मी काय सांगते याकडे त्याचं लक्ष होतं. मी सांगू नये असं त्याला वाटत होतं की सांगावं असं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी सगळं सांगितलं. आमच्या भाषेत, पायऱ्यांपासून तिसऱ्या बॉम्बपर्यंत.

मूटरने खुर्ची ओढली आणि बसली. टेबलावरची धूळ तिने तळहाताने एका बाजूला सारली.

"ते खालचे काय म्हणत होते, ते तू सांगितलं नाहीस."

"ते त्याने सांगितलंच नाही."

"विचार त्याला."

विचारायची गरज नव्हती. तो समोरच बसला होता. पोरगा शाळेत फळ्यापाशी उभा राहतो आणि येत असून बोलत नाही, तसं त्याचं तोंड झालं होतं. बाहेर लीझे रिकाम्या डोणीला खूर मारत होती. शेवटी तो बोलला, जर्मनमध्ये. दाढीमिशीच्या माणसाच्या तोंडून तो आवाज फार लहान वाटला. तो घर सोडून गेला तेव्हाचा.

"थांबा. टाकू नका. वर येतोय आम्ही. एकाचा पाय गेलाय, त्याला उचलतोय."

मूटर रडली नाही. त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. मला वाटलं होतं, फिरवेल.

"गुरुवारी," ती म्हणाली, सरळ त्याला, "पाण्याला मी येणार."

*

मधले दोन दिवस आम्ही गाळ काढला. रायनहोल्ड घोड्यांना तोंडाने काही न सांगता नुसता लगाम हलवून चालवत होता.

गुरुवारी मूटर देवळात घालायचा काळा झगा घालून गाडीवर चढली. त्या घरात आल्यापासून ती फाटकाबाहेर पडली नव्हती. वाटेत वारा सुटला. ती डोळे मिटून, रुमाल तोंडावर धरून, टाकीला टेकून बसली होती.

सायडिंगवर सात-आठ गाड्या होत्या. सगळ्यात पुढे लांगेन. पहाटेपासून येऊन उभा असणार, त्याच्या घोड्याच्या पायाखाली शेणाचे दोन ढीग होते.

"अरे वा, नॉक्सची आई!" ड्युरंट पुढे आला. टोपी काढून, चाकावर पाय देऊन तो तिच्या कानापर्यंत वर आला आणि घसा फोडून ओरडला, "नमस्कार, बाई! ऊन फार आहे!"

मूटर दचकून मागे सरली. मग तिने त्याला मान लवून नमस्कार केला. तो खूश झाला.

पुढे पेंगेली आणि लांगेन यांचं सोमवारचंच सुरू झालं होतं. "तू ऑगस्ट नाहीस. ऑगस्टला आण. ऑ-ग-स्ट!" लांगेन चिठ्ठी दोन्ही हातांत धरून उभा होता.

मूटर गाडीवर उठून उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण देवळात गाऊन कमावलेला होता; रांगेच्या शेवटापर्यंत गेला.

"रायनहोल्ड," ती आमच्या भाषेत म्हणाली, "खाली उतर. त्या माणसाला काय हवंय ते सांग त्यांना."

हलणारी माणसं हलायची थांबली. ड्युरंट अजून हसतच होता, त्याला कळायला वेळ लागला.

रायनहोल्ड उतरला. उतरताना त्याचा पाय चाकाच्या आऱ्यांत अडकला, सोडवून घेतला. तो सगळ्या गाड्यांच्या कडेने चालत पुढे गेला. लांगेनपाशी थांबून त्याने आमच्या भाषेत विचारलं, "काय सांगू?" त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं. लांगेनने सोमवारचंच पुन्हा सांगितलं. रायनहोल्ड पेंगेलीकडे वळला.

"ऑगस्ट याचा मुलगा. लोकर कापायला गेलाय. याची बायको आजारी आहे. घरात पाणी नाही."

पेंगेलीने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"मग सोमवारी का नाही सांगितलंस?"

"सोमवारी मी खोटं बोललो."

"तू आहेस तरी कोण?" हे ड्युरंट. तो पुढे आला होता.

"नोस्के. रायनहोल्ड नोस्के."

"आणि म्हातारी बहिरी ना रे तुझी?"

"नाही. तिला इंग्रजी येत नाही."

ड्युरंटचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मघाशी आपण त्या बाईच्या कानात ओरडलो हे त्याला आठवलं असावं. "इतके दिवस माझी तंबाखू ओढलीस," तो म्हणाला. "माझ्या भावाचं मी तुला... तुझ्याशी बोलत होतो मी." तो मारेल असं मला वाटलं. रायनहोल्ड हात खाली सोडून उभा होता. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ड्युरंट त्याच्या बुटांपाशी थुंकला आणि आपल्या गाडीकडे निघून गेला.

पेंगेलीने नळाला किल्ली लावली. "लांगेन, पिंप लाव." पाणी पडायला लागलं. त्या आवाजाने सगळी घोडी मान वर करून बघू लागली. मग तो रायनहोल्डला म्हणाला, शांतपणे, हिशेबाचं काही बोलावं तसं, "तुझी चिठ्ठी नॉक्सच्या नावाची आहे."

"हो."

"नॉक्स नावाचा माणूस मला इथे दिसत नाही."

"फुफ्फुसं तीच आहेत, मिस्टर पेंगेली," मी गाडीवरून ओरडले. माझं मलाच नवल वाटलं.

"ते वर लिहून कळव, पोरी. दुसरी चिठ्ठी आण. मी देतो."

आम्ही बाजूला गाडी लावून थांबलो. एकेक करून सगळे भरून गेले. कुणी आमच्याकडे बघितलं नाही. लांगेन तेवढा थांबला होता. त्याने आपल्या पिंपातून दोन बादल्या काढून लीझे आणि मोरिट्झपुढे ठेवल्या. तिसरी मूटरकडे आणली. ती म्हणाली, "तुमच्या बायकोला न्या," आणि घेतली नाही. मला तहान लागली होती.

*

दुसरी चिठ्ठी खऱ्या नावाची आली, पण तीन आठवड्यांनी. तोवर आम्ही लांगेनकडून घागरी-घागरीने पाणी आणलं. मोरिट्झ त्या तीन आठवड्यांतच गेला आणि मेंढ्या जवळजवळ सगळ्या. जमीन मात्र सरकारने काढून घेतली नाही; वाळूची ती जमीन घ्यायला दुसरं कोण येणार होतं. ड्युरंट पुन्हा कधी आमच्याशी बोलला नाही. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी परतताना ऊन मागे होतं. घोड्यांना ओझं नको म्हणून रायनहोल्ड गाडीशेजारून चालत होता. टाकी रिकामी असल्यामुळे प्रत्येक खड्ड्याला दणका द्यायची. निम्मी वाट सरली. मग मूटरने वरून विचारलं,

"कितीजण होते खाली?"

"आवाज तीन ऐकू आले," तो म्हणाला. आमच्या भाषेत. शब्द गंजलेल्या बिजागरीसारखे निघत होते. "जास्तही असतील."

"पोरं होती?"

"दोघं पोरं असावीत. एक मोठा होता. तोच बोलत होता. बाकीच्यांना गप्प राहा म्हणत होता."

"पुढे गेलात का आत? नंतर?"

"मी नाही गेलो."

त्याला खोकला आला. गाडीच्या फळीला धरून तो तसाच चालत राहिला. मूटर तो थांबेपर्यंत थांबली.

"तिकडच्या कुठल्या भागातले होते? बोलण्यावरून कळतं."

कुंपणाचे दोन खांब मागे गेले.

"रायनहोल्ड, मी विचारतेय."

"फाटरसारखं," तो म्हणाला. "तो मोठा माणूस फाटरसारखं बोलत होता. थांबा म्हणताना फाटर शेवटचं अक्षर गिळायचा ना. अगदी तसं."

मूटरने रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"म्हणजे त्यांच्याच गावाकडचा."

"असेल."

"तिकडे त्यांचे चुलते होते. चुलतभाऊ होते. पत्रं यायची, आधी."

"माहीत आहे मला."

"तुला तेव्हाच माहीत होतं?" तिने विचारलं. "त्या पायऱ्यांवर?"

तो लीझेच्या पाठीवर हात ठेवून चालत होता, मान खाली. मला वाटलं, आता तो मला इंग्रजीत काहीतरी सांगेल आणि मी ते मूटरला सांगेन. मी वाट बघत होते.

"हो, मूटर," तो म्हणाला.